गॅस ग्रिल, १४ महिन्यांनंतर: आधी टाकी मोजा, मग कंपनीशी भांडा

मागच्या एप्रिलमध्ये घेतलेलं तीन बर्नरचं प्रोपेन ग्रिल, न्यू जर्सीत, घरामागच्या पॅटिओवर. स्पेसिफिकेशन सगळीकडे मिळतात, ती परत लिहीत नाही. कंपनीचं नावही लिहीत नाही कारण मी जे सांगणार आहे ते इकडच्या जवळजवळ सगळ्याच प्रोपेन ग्रिलना लागू आहे. हा अनुभव मी मागच्या जुलैत लिहायला घेतला होता, तेव्हा एक स्टार देणार होतो. आज चार देतोय. मधे काय झालं ते नीट सांगतो कारण माझे त्यात पैसे गेलेत, दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत.

पहिले दोन महिने काहीच तक्रार नव्हती. झाकण लावून दहा-बारा मिनिटांत काटा ५५० फॅरनहाइटच्या पुढे. आमच्या घरात इलेक्ट्रिक शेगडी, त्यामुळे सात वर्षं आम्ही भरताचं वांगं ओव्हनमध्ये भाजत होतो आणि ते भरीत कधी भरतासारखं लागलंच नाही. ग्रिलवर पहिलं वांगं भाजलं, साल काळी होऊन फुटली, देठाजवळून रस गळायला लागला, तो वास आला आणि मला वाटलं की साडेचारशे डॉलर वसूल झाले. कणसं पण तशीच, फक्त त्यांना सरळ आचेवर ठेवून दर मिनिटाला फिरवत राहावं लागतं.

मग जूनमध्ये आई-बाबा नाशिकहून आले. पहिल्याच संध्याकाळी पनीर आणि सुरमई केली, मी तिन्ही नॉब बंद केले आणि आत आलो. आई म्हणाली, "अरे, टाकी बंद नाही केलीस?" मी म्हटलं नॉब बंद आहेत म्हणजे गॅस बंदच आहे. तिला ते पटलं नाही. ती घरी रात्री आधी रेग्युलेटर बंद करते, पाइपातला गॅस जळून ज्योत आपोआप विझू देते आणि मग शेगडीचा नॉब फिरवते, चाळीस वर्षं हेच. मी विचार केला तर तिचंच बरोबर होतं. नळी बाहेर उन्हातान्हात असते, खारी-उंदीर कुरतडतात, नळीला भोक पडलं तर नॉब काय करणार, गॅस तर नॉबच्या आधीच गळणार. आणि प्रोपेन हवेपेक्षा जड, खाली बसतो, आमच्या बेसमेंटची खिडकी पॅटिओला लागूनच आहे. त्या दिवसापासून आईच्या पद्धतीने, आधी टाकी, मग नॉब.

आणि पुढच्याच वेळेपासून ग्रिल तापेना.

पेटायचं बरोबर, ज्योत निळी, पण एवढीशी. वीस मिनिटं झाकण लावून ठेवलं तरी काटा २५० वर अडकलेला. चिकन भाजलं जायच्या ऐवजी स्वतःच्याच पाण्यात शिजत बसलं, वर मसाला पांढरट, आणि घरात आठ पाहुणे. शेवटी सगळं आत ओव्हनमध्ये नेलं.

मी ठरवून टाकलं की टाकी संपत आली. मेमोरियल डेच्या (मे अखेरच्या सुट्टीच्या) वीकेंडलाच बदलून आणली होती, तेव्हापासून सगळं मिळून तीनेक तास पेटलं असेल, तरी मला शंका आली नाही. दुकानाबाहेरच्या पिंजऱ्यात टाकी परत दिली, २४ डॉलर भरून दुसरी आणली, याला इकडे एक्स्चेंज म्हणतात. जोडली, पेटवलं, परत २५०.

इथून कंपनीचा किस्सा सुरू होतो. फोनवर चाळीस मिनिटं होल्ड, मग सिरियल नंबरचा फोटो पाठवा, पावतीचा फोटो पाठवा, ज्योतीचा व्हिडिओ पाठवा, व्हिडिओत तिन्ही बर्नर दिसत नाहीत परत पाठवा. अकरा दिवसांनी नवा रेग्युलेटर नळीसकट आला, फुकट आला हे मान्य. जोडला, साबणाचं पाणी लावून सगळे जोड तपासले, एकही बुडबुडा नाही, पेटवलं, परत २५०. परत फोन केला तर म्हणे आता बर्नर बदलून बघू, तीन आठवडे लागतील. त्या रात्री मी एक स्टारवाला मजकूर लिहायला बसलो. तीन फोन आणि सात ईमेलमध्ये एकाही माणसाने मला विचारलं नाही की तुम्ही टाकी उघडता कशी. राग मला त्याचा आहे, आजही आहे.

टाकी परत बदलायला निघालो होतो तर बाबा म्हणाले, आधी मोजून तरी बघ. बाबा घरी सिलिंडर घेताना डिलिव्हरीवाल्याला काट्याला लावायला सांगतात, रिकाम्या सिलिंडरचं वजन त्यावर लिहिलेलं असतं, त्यात १४.२ किलो मिळवायचे, कमी भरलं तर घ्यायचं नाही. इकडच्या टाकीवर पण असणारच म्हणाले. बघितलं तर खरंच, वरच्या कड्यावर ठोकलेलं, टीडब्ल्यू १७, म्हणजे रिकामी टाकी १७ पौंड. काटा कुठला आणायचा, तर भारतात जाताना बॅगा मोजायचा तो हातातला काटा, तो तर प्रत्येकाच्या घरात असतो. त्याचा पट्टा टाकीच्या कड्यात अडकवला, दोघांनी मिळून उचलली. ३१.२ पौंड. वजा १७. आत १४.२ पौंड गॅस. टाकी जवळजवळ भरलेली होती.

मग मला आधीची टाकी आठवली. एक पौंड प्रोपेनमध्ये साधारण २१,६०० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) असतात, माझे तिन्ही बर्नर पूर्ण उघडे ठेवले तर तासाला ३०,००० लागतात, म्हणजे तीन तासात जेमतेम चार पौंड गेला असणार. एक्स्चेंजच्या टाकीत १५ पौंड असतो, लेबलवरच लिहिलेलं असतं. अकरा पौंड गॅस मी परत देऊन आलो होतो. एक्स्चेंजच्या भावाने साडेसतरा डॉलरचा गॅस, आणि एक्स्चेंजवाले उरलेल्या गॅसचे पैसे देत नाहीत. मला हे फार लागलं, अजून लागतं.

उत्तर शेवटी मिळालं ते हार्डवेअरच्या दुकानात, प्रोपेन भरून देणाऱ्या माणसाकडून. टाकी घेऊन गेलो, सगळं सांगितलं, त्याने पूर्ण ऐकूनही घेतलं नाही, एवढंच विचारलं की व्हॉल्व्ह झटकन उघडतोस का.

तर झालेलं असं. टाकीला जो मोठा प्लॅस्टिकचा नट लागतो, त्या रेग्युलेटरच्या जोडात एक सुरक्षेची सोय असते. गॅस अचानक जोरात धावला की तिला वाटतं नळी तुटली किंवा निघाली, आणि ती प्रवाह दाबून अगदी बारीक धार सोडते. आधी मी टाकी कायम उघडीच ठेवायचो, नळीत दाब असायचाच, म्हणून कधी काही झालं नाही. आईच्या पद्धतीने बंद करायला लागल्यावर नळी दर वेळी रिकामी व्हायला लागली, आणि पुढच्या वेळी मी टाकी दोन झटक्यात पूर्ण उघडायचो, गॅस रिकाम्या नळीत धावायचा आणि ती सोय अडकायची. नव्या रेग्युलेटरमध्येही तीच सोय, म्हणून बदलून उपयोग झाला नाही. ग्रिल खराब नव्हतं, टाकी रिकामी नव्हती, आईचंही चुकलं नव्हतं. उघडताना घाई होत होती, एवढंच.

मोकळं करायचं असेल तर आधी सगळे नॉब बंद, टाकी बंद, नट हाताने सोडवा, पाच मिनिटं थांबा, परत हातानेच घट्ट करा, पाना लावू नका. मग नॉब बंद असतानाच टाकी अगदी हळू, पाव वळसा उघडून दहा आकडे मोजा, मग बाकीची. त्यानंतर झाकण उघडं ठेवून एक बर्नर पेटवा. झाकण उघडं हे विसरू नका, बंद झाकणाखाली गॅस साठला आणि ठिणगी पडली तर भडका तोंडावर येतो. पाच सेकंदात पेटलं नाही तर बंद करून पाच मिनिटं थांबायचं, परत परत बटण दाबत बसायचं नाही. घरी येऊन हे सगळं केलं, बारा मिनिटांत ५७५. बाबांनी टाळी दिली.

नंतर मॅन्युअल काढून बघितलं तर मागच्या बाजूच्या तक्त्यात बारीक अक्षरात एक ओळ आहे याबद्दल. एक ओळ! टाकी ठेवायच्या दारावर आतून स्टिकर लावायला काय खर्च येतो? मी स्वतः मार्करने लिहून चिकटवलंय, "हळू उघड", मराठीत, कारण उघडणारे आम्हीच.

तेव्हापासून मी एक्स्चेंज बंद केलं, रिफिल करून आणतो. एक्स्चेंजला २४ डॉलरमध्ये १५ पौंड, आमच्या हार्डवेअरवाल्याकडे १९ डॉलरमध्ये २० पौंड. आणि रिफिलला उरलेला गॅस आपलाच राहतो. (२० पौंड म्हणजे पण टाकी ८० टक्केच भरलेली असते, गॅस तापून फुगायला जागा हवी म्हणून, त्रिकोणी मुठीच्या व्हॉल्व्हमध्ये जास्त भरू न देणारा फ्लोट असतो.) गाडीतून नेताना दुधाच्या क्रेटमध्ये उभी ठेवतो, खिडक्या उघड्या, आणि दुकानातून सरळ घरी, टाकी गाडीत ठेवून भाजी आणायला जायचं नाही. घरातही गराजमध्ये किंवा बेसमेंटमध्ये नाही, बाहेरच. आईने विचारलं होतं की एवढ्या थंडीत गॅस गोठत नाही का, तर प्रोपेन उणे ४२ सेल्सियसपर्यंत वायू होत राहतो, जानेवारीत बर्फ झाडून आम्ही कबाब केलेत, फक्त तापायला जास्त वेळ लागतो.

इथपर्यंत मी पाच स्टारवर आलो होतो. एक परत कमी झाला तो या एप्रिलमध्ये. पहिल्यांदा पेटवलं तर डावा बर्नर अर्धाच पेटला, ज्योत पिवळी, लोळणारी, आणि नॉबच्या मागून फुस्स असा आवाज. लगेच बंद केलं. बर्नर काढून त्याच्या नळीत टॉर्च मारला तर आत कोळ्याचं जाळं. हिवाळ्यात कोळी आणि किडे त्या नळीत शिरून घर करतात, वाट अडली की गॅस पुढे जायच्या ऐवजी मागे येतो आणि नॉबच्या पाठीमागे पेटू शकतो. नळीच्या तोंडाला बारीक जाळी लावलेली असते म्हणतात, माझ्याकडे एका बर्नरची जाळी वाकलेली होती, आतून, म्हणजे फॅक्टरीतूनच. बाटल्या धुवायच्या लांब ब्रशने साफ केलं, भोकं आडवी ब्रश करत मोकळी केली, जाळी पक्कडीने सरळ केली. ज्योत निळी आणि सगळीकडे सारखी दिसेपर्यंत वर काही ठेवलं नाही. वसंतात पहिल्यांदा पेटवायच्या आधी दर वर्षी बर्नर उघडून बघा, वीस मिनिटांचं काम आहे.

साफसफाईबद्दल एकच गोष्ट जोर देऊन सांगतो, तारेचा ब्रश वापरू नका. आमच्या ग्रिलबरोबर फुकट आला होता, बायकोने पहिल्याच आठवड्यात कचऱ्यात टाकला. त्याची एखादी तार तुटून भाजायच्या जाळीला चिकटते, खाण्यातून पोटात जाते. २०१२ मध्ये सीडीसीने (अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने) र्‍होड आयलंडच्या प्रॉव्हिडन्समधल्या एका हॉस्पिटलचे असे सहा रुग्ण छापले होते, कुणाच्या घशात तार रुतलेली, कुणाच्या आतड्याला भोक पडलेलं. आम्ही गरम असताना लाकडी खरवडणीने खरवडतो, थोडं निवलं आणि गॅस बंद केला की नारळाच्या काथ्याने घासतो, इंडियन स्टोअरमध्ये मिळतो, मग ओल्या फडक्याने पुसून तेलाचं बोट. झाकणाच्या आतून काळे पापुद्रे सुटायला लागले की घाबरू नका, रंग नाही तो, जळलेल्या तेलाचा थर आहे, खरवडला की जातो.

खालचा तेलाचा ट्रे मात्र आपल्या लोकांनी जास्त वेळा काढायला हवा. आपलं मॅरिनेशन म्हणजे दही, तेल, त्यात चिकनची चरबी, सगळं ठिबकतं. मी चार वेळा वापरल्यावर काढतो. ऑगस्टमध्ये एकदा राहून गेला होता तर खाली आग लागली, नॉब आणि टाकी बंद केली, झाकण लावलं आणि विझेपर्यंत लांब उभा राहिलो. शेजारी पाण्याची बादली घेऊन येत होता, त्याला ओरडून थांबवलं, तेलाच्या आगीवर पाणी टाकलं की ती उसळते. ग्रिल भिंतीपासून दहा फूट लांब होतं म्हणून भिंतीवरचं विनाइल साइडिंग (प्लॅस्टिकचं आवरण) वाचलं.

बाकी किरकोळ. इग्निटरची (पेटवायच्या बटणाची) बॅटरी वर्षभर टिकली. बाजूच्या कप्प्याच्या स्क्रूला गंज आलाय, कव्हर घालूनसुद्धा, त्याबद्दल ईमेल केलाय, अजून उत्तर नाही. जुना रेग्युलेटर चांगलाच होता, तो स्पेअर म्हणून ठेवलाय. काल टाकी काट्याला लावली, २६.५ दाखवलं, म्हणजे साडेनऊ पौंड, तिन्ही बर्नर पूर्ण ठेवले तरी साडेसहा तास. शनिवारी बारा माणसं आहेत, वांगी आणि कणसं, पुरेल.