नकाशा आधी की यादी आधी?

जळगाव, धुळे, नंदुरबारमधले लाकडी घाणे, केळीच्या खोडापासून धागा काढणारे, सेंद्रिय डाळवाले शोधून देणारी वेबसाइट करायची, तर पहिल्या पानावर काय ठेवायचं?

नकाशा दिसायला देखणा. जळगाव शहरात उपयोगीही, कारण दुकानं जवळजवळ असतात. पण धडगाव-अक्कलकुव्याकडे चार पिना आणि बाकी रिकामा डोंगर. माणूस लगेच परत जातो. शिवाय नेट मंद असलं की नकाशाचे तुकडे येतच राहतात. नेहमीची चूक म्हणजे अक्षांश-रेखांशाची अदलाबदल. लीफलेट (वेबसाइटवर नकाशा दाखवणारं सॉफ्टवेअर) अक्षांश आधी घेतं, जिओजेसन (ठिकाणांची माहिती साठवायचा फाइल-प्रकार) रेखांश आधी. ७५.५ आणि २१ उलटे पडले की जळगावचा घाणा थेट आर्क्टिक समुद्रात!

यादी साधी, पण तालुका आणि वस्तू अशा दोनच गाळण्यांत (फिल्टरमध्ये) काम भागतं. फोटो १०० केबीच्या आत ठेवा. ‘घाणा’, ‘घाणी’, ‘तेलघाणा’ तिन्ही शब्दांनी शोध लागला पाहिजे. ‘सेंद्रिय’ शिक्का मात्र पीजीएस (शेतकरी गटांनी एकमेकांची तपासणी करून दिलेलं) किंवा एनपीओपी (सरकारमान्य संस्थेनं तपासून दिलेलं) या सेंद्रिय प्रमाणपत्राची मुदत पाहूनच द्या. मुदत संपली की तो आपोआप उतरावा.

खान्देशासाठी यादीच आधी. नकाशा बटणामागे, दाबल्यावरच उघडणारा.