मिनी ड्राफ्टर: सात महिने वापरल्यानंतर

मिनी ड्राफ्टर म्हणजे ड्रॉइंग बोर्डाला क्लॅम्पने बसणारा सांध्यांचा हात आणि त्याच्या टोकाची पट्टी; कोन लावून लॉक केला की पट्टी कुठेही नेली तरी समांतरच राहते. इंजिनीअरिंग ड्रॉइंगमध्ये रेषा आणि प्लेनच्या (सपाट आकृत्यांच्या) प्रोजेक्शनपर्यंत मी या ड्राफ्टरवर बेहद्द खूश होतो. सेटस्क्वेअरची जोडी सरकवत बसायचं नाही, कोन लावला की रेघ मारली. सॉलिड्सच्या (घनाकृतींच्या) शीटवर मात्र त्याने रंग दाखवले.

गणित नेहमीचंच. षट्कोनी पिरॅमिड, पायाची बाजू ३० मिमी, अक्ष ६० मिमी, पायाची एक कड एचपीवर (आडव्या प्रतलावर) टेकलेली, अक्ष एचपीशी ४५ अंशांत आणि ती कड व्हीपीशी (उभ्या प्रतलाशी) ३० अंशांत. तीन टप्पे: आधी सरळ उभा, मग अक्ष कललेला, शेवटी कड फिरवलेली. शेवटच्या फ्रंट व्ह्यूला (समोरून दिसणाऱ्या चित्राला) सात बिंदू, प्रत्येकाला एक उभा आणि एक आडवा, असे १४ प्रोजेक्टर (बिंदू एका चित्रातून दुसऱ्यात नेणाऱ्या रेघा). सगळे जोडले तर पायाच्या समोरासमोरच्या बाजू समांतरच येईनात! नियमित षट्कोन कसाही वाकवा, त्या समांतरच दिसायला हव्यात. तासभर बिंदूंची नावं तपासली. चूक निघाली ड्राफ्टरच्या डोक्यात, म्हणजे कोन लावायच्या भागात: लॉक सैल झाल्याने पट्टी जेमतेम अर्धा अंश फिरली होती. पण २०० मिमी लांब प्रोजेक्टरच्या टोकाला तेवढ्याने पावणेदोन मिमीचा फरक पडतो.

तेव्हापासून शीट लावली की आधी खाली एक लांब आडवी रेघ मारतो, पट्टी वर नेऊन दुसरी, आणि दोन्ही टोकांना अंतर मोजतो. माझा ड्राफ्टर उजव्या वरच्या कोपऱ्यात त्याचा हात पूर्ण ताणला की हमखास चुकतो, सांध्यांत ढिलाई आहे. स्क्रू आवळून फरक पडला नाही. म्हणून तिसरा टप्पा आता दुसऱ्याला चिकटूनच काढतो. दिसायला गिचमिड, पण जुळतं.

बाकी पट्टीवरचे आकडे शाबूत आहेत. क्लॅम्प ठीक. शंकूच्या १२ जनरेटरसाठी (शिखरापासून पायापर्यंतच्या रेघांसाठी) ३० अंशांचे टप्पे पटापट लागतात, तिथे पूर्ण गुण.

झाकलेल्या कडांच्या तुटक रेषांचं काम मात्र तुमचं तुम्हालाच. वरच्या पिरॅमिडच्या टॉप व्ह्यूत (वरून दिसणाऱ्या चित्रात) टेकलेली कड ठळक काढून मी गुण घालवलेत. शिखर त्या कडेच्या पलीकडे झुकतं, त्यामुळे ती कड, तिच्या शेजारच्या पायाच्या दोन आणि तिच्या टोकांपासून शिखराकडे जाणाऱ्या दोन, अशा पाच कडा अंगाखाली झाकल्या जातात. आता मी आधी बाहेरची सीमा ठळक करतो, मग फ्रंट व्ह्यूत पायाच्या सगळ्यात उंच असलेल्या बिंदूंपासून शिखराकडे जाणाऱ्या कडा, आणि उरलेल्यांना सगळ्यात शेवटी हात लावतो.