चार दिवस, चार खाड्या: परळ ते रत्नागिरी किनारी प्रवासाची विकत घेतलेली आखणी

मुंबईहून गाडी काढून निसर्गरम्य रस्त्याने कुठे जावे, हे सांगणाऱ्यांची या शहरात कधीच वाण नव्हती. अलीकडे मात्र हा सल्ला शुल्क घेऊन, गाडी, माणसे आणि सुट्ट्या विचारात घेऊन, लेखी आखणीच्या रूपात मिळू लागला आहे. अशाच एका सेवेकडून आम्ही जानेवारीत परळ ते रत्नागिरी असा किनाऱ्याकिनाऱ्याने चार दिवसांचा प्रवास आखून घेतला. शुल्क २,८०० रुपये होते आणि त्या बदल्यात चौदा पानांचे पीडीएफ व प्रवासाच्या चार दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर विचारणा करण्याची सोय मिळाली. सेवेचे नाव येथे देत नाही, कारण दोघा-तिघांनी मिळून चालवलेला तो लहान व्यवसाय आहे आणि त्यांच्या आखणीत जे उणे आढळले, ते फुकट मिळणाऱ्या आखण्यांतही मी सर्रास पाहिले आहे.

गाडीत आम्ही चौघे होतो: मी, माझे यजमान, बारा वर्षांची मुलगी आणि केळशीच्या माहेरवाशीण असलेल्या माझ्या सासूबाई. गाडी बहुतेक वेळ मीच चालवली. आखणी करणाऱ्यांनी आधी एक प्रश्नावली भरून घेतली होती आणि त्यात वयस्कर व्यक्तीला किती पायऱ्या चढवतात, कोणाला घाटात गाडी लागते का, मांसाहार चालतो का, असे नेमके प्रश्न होते. गाडी कोणत्या इंधनावर चालते, हा प्रश्न मात्र नव्हता. आमची गाडी सीएनजीची आहे आणि अलिबाग सोडल्यानंतर रत्नागिरी जवळ येईपर्यंत, किमान आम्ही गेलो त्या किनारी रस्त्यावर, आम्हाला सीएनजीचा एकही पंप लागला नाही. गाडी पेट्रोलवरही चालते म्हणून अडले काही नाही, पण आखणीत दिलेला इंधनाचा अंदाज तिसऱ्या दिवशी सकाळीच निकालात निघाला.

सुरुवात मात्र त्यांनी अचूक साधली. गाडीने अलिबागला जायचे म्हणजे पेण-वडखळचा शंभरावर किलोमीटरचा वळसा आला. त्याऐवजी त्यांनी भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो बोट सुचवली आणि आमचे घर परळला असल्यामुळे पहाटे घरातून किती वाजता निघावे, हेही लिहून दिले. मार्च २०२० मध्ये सुरू झालेल्या या सेवेमुळे गाडीसकट साधारण तासाभरात मांडव्याला उतरता येते. गाडी खालच्या मजल्यावर लावून माणसांनी वर जायचे असते, तेव्हा शाली, पाण्याच्या बाटल्या आणि औषधांची पिशवी आधीच हाताशी काढून ठेवावी, ही सूचना आखणीत ठळक अक्षरांत होती आणि जानेवारीतल्या वाऱ्यात ती किती मोलाची आहे हे शाल गाडीतच विसरलेल्या सहप्रवाशांकडे पाहून कळत होते. मुलीने तासभर कुरव पक्ष्यांवरून नजर हलवली नाही.

पहिल्या दिवशीचा पुढचा मार्ग, म्हणजे अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड, बहुतेक मुंबईकरांच्या पायाखालचा असल्यामुळे त्याविषयी फार लिहीत नाही. मुरूड सोडल्यावर आगरदांड्याच्या वाटेवर खोकरीच्या सिद्दी नवाबांच्या कबरींपाशी वीस मिनिटे थांबावे, असे त्यांनी सुचवले होते. जंजिऱ्यासाठी होड्यांच्या रांगेत उभे राहणाऱ्यांपैकी फारच थोडे इकडे फिरकतात. दगडी कोरीवकाम पाहण्याजोगे आहे आणि आम्ही गेलो तेव्हा आवारात आमच्याखेरीज फक्त दोन शेळ्या होत्या.

आगरदांडा ते दिघी ही राजपुरी खाडीवरची फेरी म्हणजे या प्रवासातली पहिली जंगलजेट्टी. वाहने वाहणाऱ्या या सपाट बोटींना किनाऱ्यावर सगळे जंगलजेट्टीच म्हणतात. ‘फेरी बोट कुठून सुटते’ असे विचारले, तर समोरचा क्षणभर विचारात पडतो. मुंबईहून दक्षिणेकडे किनाऱ्याने जाताना अशा चार खाड्या या बोटींनी ओलांडाव्या लागतात: राजपुरीची, मग बागमांडला ते वेश्वी ही सावित्रीची, दाभोळ ते धोपावे ही वाशिष्ठीची आणि तवसाळ ते जयगड ही शास्त्रीची. दाभोळची सेवा २००३ पासून सुरू आहे. ही बोट नसेल, तर समोर दिसणाऱ्या धोपाव्याला पोहोचण्यासाठी चिपळूणपर्यंत आत जाऊन शंभरावर किलोमीटर फिरून यावे लागते. या रस्त्याचा दिवस म्हणूनच किलोमीटरवर बेतता येत नाही. धक्क्यावर किती वाजता पोहोचतो आणि बोट नुकतीच सुटली आहे की लागते आहे, यावर संध्याकाळचा मुक्काम ठरतो. आखणीचे सर्वांत मोठे बळ आणि सर्वांत मोठा दोष, दोन्ही याच मुद्द्याशी येऊन थांबतात.

आधी बळ सांगते. दिवेआगर ते श्रीवर्धन हा टप्पा बहुतेक गाड्या आतल्या रस्त्याने, बोर्लीपंचतनवरून उरकतात. आखणीत मात्र भरडखोल, शेखाडी, कोंडविल, आरावी असा समुद्राला चिकटून जाणारा रस्ता दिला होता, तोही सकाळी नऊच्या आत निघण्याच्या अटीवर. शेखाडी ओलांडल्यावर रस्ता अशा ठिकाणी येतो की एका बाजूला काळा कातळ आणि दुसऱ्या बाजूला, कठड्याच्या पलीकडे, थेट पाणी. दक्षिणेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला असतो, म्हणजे तो चालकाच्या बाजूला येतो आणि डावीकडे बसलेल्यांच्या वाट्याला निव्वळ डोंगर. तेव्हा ज्यांना समुद्र पाहायचा आहे त्यांना चालकाच्या मागच्या आसनावर बसवावे, अशी एक ओळ त्यांनी लिहिली होती. ही ओळ वाचून आम्ही सासूबाईंची जागा बदलली. नंतरचे तीन दिवस ती जागा त्यांनी कोणालाही दिली नाही. २,८०० रुपयांपैकी निम्मे तरी या एका ओळीचे होते, असे मी धरते.

याच पट्ट्यात ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आले होते. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. वादळात त्या बागा आडव्या झाल्या आणि आजही जुन्या उंच पोफळींच्या मधे कंबरेएवढी, डोक्याएवढी नवी झाडे उभी दिसतात. आखणीत याचा उल्लेख नव्हता. तो असावा असे मला वाटते, कारण दोन्ही बाजूंनी पोफळीच्या बागा असलेल्या गल्लीतून जाताना त्या मोकळ्या जागा कसल्या, हे परक्या माणसाला कळत नाही.

आता दोषांविषयी. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला हरिहरेश्वर, आणि तेथे ‘खडकांमधून जाणारा निसर्गरम्य प्रदक्षिणामार्ग, पाऊण तास’, असे आखणीत छापले होते. दिवेआगरला घावन खाताना सासूबाईंनी ते पान माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतले आणि म्हणाल्या, “अगं, आज पौर्णिमा. साडेअकराला पाणी पायऱ्यांवर असणार. हे लिहिणाऱ्याने तिथी पाहिली का?” कोकणात भरतीची वेळ काढण्याची रीत सोपी आहे: तिथीची पाऊणपट केली की घड्याळातली साधारण वेळ येते. पौर्णिमेचे पंधरा, त्याचे पाऊणपट सव्वाअकरा. प्रत्यक्षात तसेच झाले. आधी काळभैरवाचे, मग हरिहरेश्वराचे आणि पुन्हा काळभैरवाचे, असे रीतीप्रमाणे दर्शन घेऊन आम्ही डोंगराच्या खिंडीतून उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांपाशी आलो, तर खाली फेसाखेरीज काही दिसत नव्हते. भरतीच्या वेळी या मार्गाने जाऊ नये, असा इशाऱ्याचा फलक तेथे आहे आणि तो शोभेचा नाही. या खडकांवरून लाटेबरोबर माणसे ओढली गेली आहेत. ज्यांच्याबरोबर भरतीचे गणित जाणणारे कोणी नाही, असे कुटुंब छापील वेळेवर विसंबून तेथे उतरले असते, तर काय झाले असते, या विचाराने मी पहिल्यांदा या सेवेवर मनापासून रागावले.

तिसऱ्या दिवशी नेमके उलट घडले. हेदवीच्या समुद्रावर बामणघळ आहे: कातळातली अरुंद चीर, जिच्यात भरतीचे पाणी शिरले की तोफेसारखा आवाज होऊन उंच फवारा उडतो. ती पाहायची ती भरतीला. आखणीत तिची वेळ संध्याकाळी साडेचारची होती आणि प्रतिपदेला भरती दुपारी बाराच्या सुमारास होऊन गेलेली होती. आम्ही पोहोचलो तेव्हा घळीच्या तळाशी पाणी लपलप करत होते आणि एक खेकडा निवांत कडेने चालला होता. म्हणजे जेथे ओहोटी हवी तेथे त्यांनी आम्हाला भरतीला पाठवले आणि जेथे भरती हवी तेथे ओहोटीला. दोन्ही ठिकाणांची अदलाबदल करता येत नाही हे मान्य, पण वेळा मागेपुढे करता आल्या असत्या: हरिहरेश्वरी एक मुक्काम टाकून सकाळी लवकर प्रदक्षिणा, आणि तिसऱ्या दिवशी वेळणेश्वर मागे ठेवून आधी हेदवी.

व्हॉट्सअ‍ॅपवर मी हे कळवले, तेव्हा उत्तर दहा मिनिटांत आले, ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवली पाहिजे. उत्तर मात्र असे होते की वेळा नकाशाच्या अ‍ॅपवरून काढल्या आहेत. त्याच अ‍ॅपच्या भरवशावर त्यांनी तवसाळला जंगलजेट्टी दर अर्ध्या तासाने मिळेल असे लिहिले होते. आम्ही धक्क्याच्या उतारावर आलो तेव्हा बोट पन्नास-साठ फुटांवर गेलेली होती आणि पुढची तासाभराने होती. तो तास वाईट गेला असे मी म्हणणार नाही. धक्क्यावरच्या टपरीत चहा मिळाला, समोर जयगडची बाजू तांबूस होत गेली आणि आमच्या मागे रांगेत उभ्या राहिलेल्या टेम्पोवाल्याने मुलीला बोटीवर गाडी उलटी का चढवतात ते समजावून सांगितले. पण गणपतीपुळ्याला पोहोचायला रात्र झाली आणि ज्या आरे-वारेच्या वळणांसाठी दुसऱ्या दिवसाची पहाट राखून ठेवली होती, ती दमलेल्या मंडळींनी झोपेत घालवली. आम्ही तो रस्ता दहा वाजता, उन्हात पाहिला. तेव्हाही तो सुंदरच होता.

जेवणाच्या बाबतीतही तिसरा दिवस फसला. गुहागरला ‘दुपारी घरगुती शाकाहारी जेवण’ असे लिहून एका खानावळीचा पत्ता दिला होता. अशा घरी सकाळी नऊच्या आत माणसे सांगावी लागतात, कारण मोजून तांदूळ पडतात, ही गोष्ट कोकणात कोणालाही ठाऊक असते. आम्ही दीड वाजता दारात उभे राहिलो. मालकीणबाईंनी आम्हाला परत पाठवले नाही. अर्ध्या तासात पिठले-भात, सोलकढी आणि पोह्याचा पापड वाढला. हे श्रेय पूर्णपणे त्यांचे आहे, आखणीचे नाही.

याउलट काही ठिकाणी त्यांचा अभ्यास खरोखर दिसतो. वेळासला कासवांची पिल्ले साधारण फेब्रुवारीनंतरच पाहायला मिळतात, तेव्हा जानेवारीत त्या आशेने वेळ घालवू नये, असे त्यांनी स्पष्ट लिहिले होते. हर्णैचा मासळीचा लिलाव संध्याकाळी पाहावा, मात्र तेथे चपला भिजण्याची तयारी ठेवावी, हेही होते. केळशीत महालक्ष्मीच्या देवळापाशी दीड तास मोकळा ठेवला होता. सासूबाईंनी तो ओळखीच्या तीन घरांत मिळून अडीच तासांवर नेला, पण तो दोष आखणीचा म्हणता येणार नाही.

परतीचा दिवस हा या आखणीचा सर्वांत दुबळा भाग आहे. रत्नागिरी ते मुंबई साधारण साडेतीनशे किलोमीटर अंतराला त्यांनी सहा तास धरले होते. कशेडीच्या बोगद्यामुळे जुन्या घाटाची वळणे वाचतात हे खरे, परंतु मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू होऊनही ज्यांनी माणगावच्या बाजारपेठेत सोमवारी संध्याकाळी एकदा गाडी घातली आहे, ते सहा तासांचे गणित मांडणार नाहीत. आम्हाला साडेनऊ तास लागले. शेवटी अटल सेतूवर चढण्याची सूचना मात्र योग्य होती: मुलुंड किंवा ठाण्याच्या माणसाला त्याचा उपयोग नाही, पण शिवडीला उतरून परळ गाठणाऱ्याला २५० रुपयांचा टोल त्या रात्री अजिबात जड वाटत नाही.

चार दिवसांत रस्ता निवडण्याच्या कामाला मी दहापैकी नऊ गुण देईन आणि वेळापत्रकाला तीन. ज्यांच्या घरी कोकणातले कोणी आहे, त्यांनी रस्त्यासाठी ही सेवा जरूर घ्यावी आणि वेळा घरच्या माणसाकडून तपासून घ्याव्यात; ज्यांच्या घरी तसे कोणी नाही, त्यांनी प्रत्येक जंगलजेट्टीच्या धक्क्यावर आदल्या दिवशी फोन करून फेऱ्यांच्या वेळा विचाराव्यात, भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली तिथी पाहावी आणि चारऐवजी पाच दिवस धरावेत. परत आल्यावर मी ही सगळी यादी त्यांना लेखी पाठवली. गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीने त्यांच्याकडेच नाव नोंदवले, तेव्हा प्रश्नावलीत इंधनाचा रकाना आलेला होता. भरती-ओहोटीचा अजून आलेला नाही.