ख्रुश्चेव्ह की गोर्बाचेव्ह?

सोव्हिएत संघाच्या या दोन सर्वोच्च नेत्यांपैकी मोठा कोण? दोघेही खेड्यातले, शेतकरी घरातले. फरक पडतो तो पुढे.

ख्रुश्चेव्ह यांनी २५ फेब्रुवारी १९५६ रोजी कम्युनिस्ट पक्षाच्या विसाव्या अधिवेशनात, बंद दाराआड, स्टॅलिनचे गुन्हे मांडले. धाडस मोठंच होतं, कारण त्या राजवटीत ते स्वतः वरच्या पदांवर होते. पण त्याच वर्षी हंगेरीत रणगाडे घुसवले तेही त्यांनीच.

गोर्बाचेव्ह यांच्या दोन्ही आजोबांना स्टॅलिनच्या काळात अटक झाली होती. पोरवयात ते वडिलांसोबत कंबाइन हार्वेस्टरवर राबले आणि १९४९ मध्ये त्यासाठी पदकही मिळवलं. मार्च १९८५ मध्ये, ५४ व्या वर्षी, पक्षाचे सरचिटणीस, म्हणजे देशाचे प्रमुख नेते, झाले. ग्लासनोस्तमुळे, म्हणजे त्यांच्या खुलेपणाच्या धोरणामुळे, जे बंद दाराआड बोललं जायचं ते वर्तमानपत्रांत आलं. १९८९ मध्ये पूर्व युरोपातली सरकारं कोसळत असताना त्यांनी सैन्य पाठवलं नाही. माझं माप इथेच त्यांच्या बाजूने झुकतं. जानेवारी १९९१ मध्ये लिथुआनियाच्या राजधानीत, विल्निअसला, सोव्हिएत सैनिकांच्या हातून माणसं मेली, तो डाग मात्र पुसता येत नाही. अर्थव्यवस्थाही त्यांना सावरता आली नाही. दुकानांपुढच्या रांगा वाढतच गेल्या.

ख्रुश्चेव्हना १९६४ मध्ये सहकाऱ्यांनीच हटवलं. गोर्बाचेव्ह यांच्या पायाखालून देशच गेला, सोव्हिएत संघच विघटित झाला. २५ डिसेंबर १९९१ च्या संध्याकाळी राजीनाम्यावर सही करताना त्यांचं पेन चालेना, म्हणून समोरच्या अमेरिकन वृत्तवाहिनीच्या प्रमुखांचं पेन घ्यावं लागलं.

सोव्हिएत नेत्यांना जिथे पुरत, त्या क्रेमलिनच्या भिंतीशी दोघांनाही जागा मिळाली नाही. दोघेही मॉस्कोच्या नोवोदेविची दफनभूमीत आहेत. गोर्बाचेव्ह पत्नी रईसा यांच्या शेजारी.