टॅग फाइलीत, गाणी फोनमध्ये: कस्टम टॅग वापरल्यानंतरचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकतो. संग्रह ‘नीटनेटका दिसावा’ एवढ्यासाठी कस्टम टॅग (गाण्याच्या फाइलीतच लिहिलेली, आपण स्वतः ठरवलेली माहिती) लावायचे असतील तर नका लावू, तेवढ्या वेळात चार अल्बम ऐकून होतील. पण संग्रह फोनमध्ये मावेनासा झालाय, आणि काय न्यायचं नि काय ठेवायचं हे दर खेपेला हाताने निवडण्याचा कंटाळा आलाय, तर यासारखा दुसरा उपाय मला तरी सापडलेला नाही. कित्येक महिने वापरतोय, आता फोल्डर ओढून फोनवर टाकण्याकडे परत जाणं नाही.

माझी मांडणी साधी आहे. मूळ संग्रह कॉम्प्युटरवर, बहुतेक फ्लॅक (आवाजातलं काही न गमावता साठवलेल्या, मोठ्या फाइली), थोड्या जुन्या एमपीथ्री. टॅग लिहायला एमपीथ्रीटॅग, ऐकायला आणि फोनशी सिंक करायला म्युझिकबी. विंडोजवर दोन्ही फुकट मिळतात.

‘जॉन्र’, म्हणजे गाण्याचा प्रकार, नावाचं फील्ड (माहितीचा रकाना) असताना वेगळे टॅग कशाला, असं कोणीही विचारेल. १९९६ साली आयडीथ्रीची, म्हणजे एमपीथ्रीत टॅग लिहिण्याच्या पद्धतीची, पहिली आवृत्ती आली तेव्हा सगळा टॅग फाइलीच्या शेवटच्या १२८ बाइटमध्ये बसवला होता. गाण्याच्या नावाला ३० बाइट, कलाकाराला ३०, अल्बमला ३० आणि जॉन्रला फक्त १, म्हणजे ठरलेल्या यादीतला एक आकडा. पुढे दुसरी आवृत्ती आली, जागेची अडचण गेली, पण ‘एका गाण्याचा एक जॉन्र’ ही सवय बऱ्याच प्लेअरमध्ये तशीच राहिली. शिवाय जॉन्र सांगतो गाणं कशा प्रकारचं आहे. मला ते कधी ऐकायचंय आणि कुठे लागणार आहे, हे तो सांगत नाही. एकाच अल्बममधलं एक गाणं चालताना हवं असतं, दुसरं रात्री उशिरा, आणि तिसरं पुन्हा ऐकलं नाही तरी चालेल असं असतं.

आयडीथ्रीच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘टीएक्सएक्सएक्स’ नावाची फ्रेम आहे, तिच्यात आपण नाव देऊन काहीही मजकूर ठेवू शकतो. फ्लॅक आणि ऑग या प्रकारच्या फाइलींत टॅगसाठी व्हॉर्बिस कॉमेंट ही पद्धत असते, तिथे तर हवं ते फील्ड थेट तयार करता येतं आणि तेच फील्ड अनेकदा देता येतं. एक मर्यादा आहे: फील्डचं नाव साध्या रोमन अक्षरांत हवं. किंमत, म्हणजे फील्डमध्ये भरलेला मजकूर, मात्र यूटीएफ-८ या सगळ्या लिप्या सामावणाऱ्या पद्धतीत असते, म्हणजे देवनागरीत बिनधास्त लिहा.

सुरुवातीला उत्साहात फील्ड खूप सुचतात. वेग, मूड, ऋतू, वाद्यं, काय वाटेल ते. माझ्याकडे आता तीनच टिकलीत (फाइलीत त्यांची नावं रोमन अक्षरांत, इथे सोयीसाठी देवनागरीत). पहिलं ‘कधी’: काम, चालणं, रात्र, आणि आणखी मोजके शब्द. दुसरं ‘राग’, फक्त शास्त्रीय फाइलींसाठी. हे फील्ड प्रमाण टॅगांत कुठेच नाही आणि शीर्षकात कोंबलं की शोध घेताना सगळा घोळ. तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं, ‘कुठे’: फोन, पेनड्राइव्ह किंवा घरी. मूडचं फील्ड काढून टाकलं, कारण मूड गाण्याला नसतो, मला असतो. आज ‘उदास’ म्हणून टॅग केलेलं गाणं पुढच्या आठवड्यात नुसतंच संथ वाटतं.

खरं काम ‘कुठे’ हे फील्ड करतं. म्युझिकबीत एक ऑटो-प्लेलिस्ट केलीय: ‘कुठे’मध्ये ‘फोन’ आहे अशी सगळी गाणी. कोणती गाणी जाणार हे ठरवायला सिंकमध्ये तेवढी एकच प्लेलिस्ट निवडलीय. गाणं ऐकता ऐकता वाटलं की हे बरोबर हवं, तर टॅग लावतो. कंटाळा आला की काढतो. पुढच्या सिंकला ते फोनवर जातं किंवा फोनवरून निघतं. फोनमधली जागा संपली म्हणून बसून निवडानिवड करायची वेळच येत नाही, कारण निवड रोज थोडी थोडी होतच असते. नवीन अल्बम आला की एमपीथ्रीटॅगच्या फिल्टरमध्ये ‘कुठे’ रिकामं असलेल्या फाइली तेवढ्या दाखवायच्या आणि एकगठ्ठा ‘घरी’ लावून टाकायचं. मग ज्या दोन-तीन आवडतील त्यांचं नशीब बदलायचं.

शब्दांची यादी मात्र पक्की हवी. देवनागरीत हे जरा जास्तच जपावं लागतं. ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतं: एकच अखंड अक्षर म्हणून, किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता अशी जोडी म्हणून. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. पण प्रोग्रॅमने आतून दोघांना एक केलं नसेल तर त्याच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात, आणि एका कीबोर्डवरून टॅग केलेली गाणी दुसऱ्या कीबोर्डवरून शोधली की गायब. ऱ्हस्व-दीर्घाचं तर बोलायलाच नको. म्हणून किंमत टाइप करायचीच नाही. एमपीथ्रीटॅगमध्ये त्या फील्डसाठी ठरलेल्या शब्दांची यादी देता येते, त्यातूनच निवडायची.

आता सिंकमधली एक खोच, जी कोणी आधी सांगत नाही. फ्लॅक फाइलीच्या सुरुवातीला बहुधा थोडी रिकामी जागा राखलेली असते, तिला पॅडिंग म्हणतात. छोटा टॅग वाढवला की तो त्या रिकाम्या जागेत बसतो, पूर्ण फाइल पुन्हा लिहावी लागत नाही. काम झटकन होतं, चांगलंच आहे. पण मग फाइलीचा आकार एका बाइटनेही बदलत नाही. त्यात टॅग लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला ‘फाइल बदलल्याची वेळ तशीच ठेव’ असं सांगून ठेवलेलं असेल, तर वेळही तीच. दोन ठिकाणच्या फाइली जुळवून ठेवणारी, बॅकअपला वापरतात ती आरसिंकसारखी साधनं मुळात आकार आणि वेळ एवढंच ताडून पाहतात. दोन्ही जुळलं म्हणजे फाइल तीच, असं धरून पुढे जातात. म्हणजे टॅग बदलला, आणि बॅकअपला त्याचा पत्ताच नाही. उपाय दोन: वेळ जपण्याचा पर्याय बंद ठेवा, किंवा अधूनमधून चेकसम (फाइलीतल्या मजकुरावरून काढलेला ओळखआकडा) ताडून पूर्ण सिंक करा. दुसरा सुरक्षित, पण प्रत्येक फाइल वाचावी लागते, त्यामुळे वेळ खाणारा. मी वेळ जपणं बंद केलंय. ‘नुकतीच आलेली गाणी’ दाखवायला फाइलीची तारीख वापरणाऱ्यांची यात अडचण होईल, त्यांनी संग्रहात आल्याची तारीखही टॅगमध्येच लिहावी.

पेनड्राइव्हवर आणखी एक भानगड. फॅट३२ या, पेनड्राइव्हवर फाइली मांडण्याच्या जुन्या पद्धतीत फाइलीची वेळ दोन सेकंदांच्या पायरीने नोंदली जाते. संगणकावर ७ सेकंद असेल तर तिकडे ६ किंवा ८, आणि सिंकला वाटतं फाइल बदलली. दर वेळी निम्मा संग्रह नव्याने कॉपी होताना दिसला तर आधी हेच तपासा. सिंकच्या साधनात वेळेतला थोडा फरक चालवून घेण्याचा पर्याय असतो, तो लावला की प्रश्न मिटतो.

फोनसाठी फाइली लहान करायच्या तर मी ऑपस हा फॉरमॅट निवडतो. आवाजाबद्दल वाद घालायचा नाही, माझं कारण टॅगचं आहे. ऑपसही व्हॉर्बिस कॉमेंटच वापरतो, त्यामुळे फ्लॅकमधली फील्डं जशीच्या तशी पलीकडे जातात. एमपीथ्रीत तीच माहिती टीएक्सएक्सएक्समध्ये घालावी लागते. एका फील्डला दोन किंमती असल्या की तिथे आयडीथ्रीच्या आवृत्तीनुसार वागणं बदलतं, कुठला प्रोग्रॅम अर्धविराम घालतो, कुठला तिरकी रेघ. माझ्या जुन्या एमपीथ्रींत ‘काम, चालणं’ हा एकच लांबलचक शब्द होऊन बसला होता.

सर्वात मोठी निराशा फोनवरच्या प्लेअरची. मी वापरत होतो त्या प्लेअरला माझी फील्डं दिसतच नाहीत. कलाकार, अल्बम, जॉन्र, संपलं. पर्याय म्हणून दुसरा घेतला, तोही तसाच आंधळा. त्यामुळे टॅगची सगळी गाळणी कॉम्प्युटरवरच लावायची आणि फोनला तयार प्लेलिस्ट द्यायच्या, हे ठरवून टाकलं. ‘चालणं’, ‘रात्र’ अशा प्रत्येक शब्दाची एम३यू८ प्लेलिस्ट (गाण्यांचे मार्ग लिहिलेली साधी मजकूर-फाइल) सिंकबरोबर जाते. तिच्यातले मार्ग सापेक्ष ठेवायचे, ड्राइव्हचं अक्षर असलेला पूर्ण मार्ग फोनला कळत नाही.

तारांकनाच्या, म्हणजे गाण्यांना तारे देण्याच्या, फंदात पडू नका, एवढंच सांगतो. एमपीथ्रीत ते ० ते २५५ अशा आकड्यात लिहिलं जातं आणि कुठला आकडा म्हणजे किती तारे, हे प्रत्येक प्रोग्रॅम आपापलं ठरवतो. काही जण तर फाइलीत लिहितच नाहीत, स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतात.

हा डेटाबेसचा मुद्दा टॅगच्या बाबतीतही नीट तपासून घ्या. काही प्रोग्रॅम तुम्ही तयार केलेलं फील्ड फाइलीत उतरवत नाहीत. दिसायला सगळं छान दिसतं, प्रोग्रॅम बदलला की पाटी कोरी. पडताळणी सोपी आहे: एका गाण्याला टॅग लावा आणि तीच फाइल पूर्ण वेगळ्या प्रोग्रॅममध्ये उघडा. माझ्या फाइली फूबार२००० या दुसऱ्या प्लेअरमध्ये उघडल्या तेव्हा तिन्ही फील्डं प्रॉपर्टीजमध्ये समोर होती, देवनागरीसकट, आणि तिथे ‘कुठे’वर शोधही लगेच चालला.

राहिलं ते एवढंच की ही वाहतूक एकेरी आहे. फोनवर ऐकताना ‘हे आता काढायला हवं’ असं वाटलं तर तिथून टॅग बदलता येत नाही. त्यासाठी फोनवर ‘काढा’ नावाची एक रिकामी प्लेलिस्ट ठेवलीय. गाणं तिच्यात टाकतो, आणि कॉम्प्युटरसमोर बसलो की ती यादी बघून ‘फोन’च्या जागी ‘घरी’ करतो.