‘स्ट्रेंज होरायझन्स’ की ‘क्लार्क्सवर्ल्ड’: पैसे कुणाला द्यावेत?

इंग्रजी विज्ञानकथा आणि अद्भुतकथा नेटवर फुकट वाचायला देणाऱ्या मासिकांपैकी एखाद्याला वर्षाकाठी चार-पाच हजार रुपये द्यावेत, असं मनात असेल तर हे तुमच्यासाठी. माझ्यापुढे शेवटी दोनच नावं उरली: ‘स्ट्रेंज होरायझन्स’ आणि ‘क्लार्क्सवर्ल्ड’. दोन्ही मी कित्येक वर्षं एक पैसाही न देता वाचली आहेत, आणि ते मनाला लागून राहिलं होतं.

कारण वाचकाला फुकट असली तरी ही मासिकं लेखकाला पैसे देतात. अमेरिकेतली विज्ञानकथा लेखकांची संघटना शब्दाला किमान ८ सेंट हा व्यावसायिक दर मानते. त्या दरानं चार हजार शब्दांच्या कथेचे ३२० डॉलर होतात. तुम्ही महिन्याला ५ डॉलर दिलेत, तर वर्षाचे ६०, म्हणजे साडेसातशे शब्द. कुणाच्या तरी कथेची पहिली दोन-तीन पानं तुमच्या पैशांतून उभी राहिली. दिवाळी अंकाला कथा देऊन मानधनाची वाट पाहिलेल्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

‘स्ट्रेंज होरायझन्स’ हे २००० साली सुरू झालेलं साप्ताहिक. सुरू करणाऱ्या मेरी अ‍ॅन मोहनराज मूळच्या श्रीलंकेच्या. दर सोमवारी नवा अंक येतो. कथेच्या जोडीला कविता असतात आणि पुस्तकांची परीक्षणं असतात, तीही सविस्तर. संस्था ना-नफा तत्त्वावर चालते. संपादक सगळे स्वयंसेवक; पैसे मिळतात ते लिहिणाऱ्यांना. त्यासाठी वर्षातून एकदा निधी गोळा करतात आणि जमलेल्या रकमेवर पुढच्या वर्षाची आखणी होते. तुम्ही पैसे दिलेत म्हणून तुम्हाला वेगळं काही वाचायला मिळत नाही. आज मोफत असलेलंच उद्याही सगळ्यांना मोफत मिळत राहतं. मला हे फार आवडतं.

याच मासिकाचं ‘समोवार’ नावाचं भावंड २०१७पासून निघतं. त्यात अनुवादित कथा-कविता येतात आणि अनुवादासोबत मूळ भाषेतला मजकूरही देतात. इंग्रजीच्या जोडीला परकी लिपी, असं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिथे देवनागरी कशी दिसेल याचीच कल्पना करत मी बराच वेळ बसून होतो. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेतून १९७४ साली जयंत नारळीकर टोपणनावानं पुढे आले. तेव्हापासून मराठीत इतकं लिहिलं गेलंय, त्यातलं चार चांगलं इंग्रजीत जायला असं घर हवंच.

‘क्लार्क्सवर्ल्ड’ची घडण वेगळी. नील क्लार्क यांनी २००६मध्ये काढलेलं हे मासिक आहे, कथांवर भर देणारं. कथा नेटवर मोफत, आणि वाचून दाखवलेल्या कथा ऐकायलाही मोफत. भांडी घासताना मी त्या ऐकतो. चिनी विज्ञानकथांचे अनुवाद इथे अनेक वर्षं सातत्यानं आले आहेत. पैसे येतात ते मुख्यतः ई-अंकाच्या वर्गणीतून आणि दरमहा मदत करणाऱ्या वाचकांकडून. २०२३ साली त्यावर दोन घाव बसले. फेब्रुवारीत कृत्रिम बुद्धिमत्तेकडून (एआय) लिहून घेतलेल्या कथांचा इतका लोंढा आला, एका महिन्यात पाचशेच्या वर, की कथा स्वीकारणंच काही दिवस बंद ठेवावं लागलं. पुढे सप्टेंबरमध्ये अ‍ॅमेझॉननं किंडलवरची मासिकांची वर्गणी बंद केली आणि तिथले वर्गणीदार दुसरीकडे वळवणं मासिकाच्याच गळ्यात पडलं. म्हणून इथे थेट भरलेल्या प्रत्येक वर्गणीला वजन आहे.

आता पैसे पाठवण्याचं. भारतातून दरमहा आपोआप रक्कम जाण्याची सोय बेभरवशाची आहे. रिझर्व्ह बँकेचे आवर्ती व्यवहारांचे नियम ऑक्टोबर २०२१पासून कडक झाले, आणि माझं कार्ड त्यानंतर सलग तीन महिने नाकारलं गेलं. बँकेत विचारलं तर धड उत्तर मिळालं नाही. तेव्हा एकरकमी द्या: देणगी असेल तर एकदाच, वर्गणी असेल तर वर्षाची. परकीय चलनाचं शुल्क बँक वर लावते, तेही हिशेबात धरा. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकरातली ८०जीची सवलत मिळत नाही.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. ‘अनकॅनी’ दर दोन महिन्यांनी येतं. अर्धा अंक पहिल्या महिन्यात खुला होतो, उरलेला दुसऱ्या. पूर्ण अंक आधी हवा असेल तर वर्गणी घ्यावी लागते. वेगळ्याच दुनियेत घडणाऱ्या अद्भुतकथा आवडत असतील तर ‘बिनीथ सीझलेस स्काइज’ पाहा, दर पंधरवड्याला निघतं. ‘रिअ‍ॅक्टर’वरही उत्तम कथा मोफत असतात, पण त्यामागे मोठी प्रकाशनसंस्था आहे. तुमच्या पाचशे रुपयांची गरज तिथे नाही.

तुम्ही दर महिन्याला मोबाइलवर किंवा ई-रीडरवर अंक उघडून वाचणारे असाल, तर ‘क्लार्क्सवर्ल्ड’ची वर्षाची वर्गणी घ्या, पैसे कारणी लागतील आणि अंकही हाती येईल. कविता, समीक्षा, अनुवाद यांत जीव अडकला असेल, किंवा वाचायला वेळ कमी पण मदत करायची इच्छा असेल, तर ‘स्ट्रेंज होरायझन्स’. मी यंदा सगळी रक्कम तिथेच दिली, ‘समोवार’साठी. वर्गणीचं पुढच्या वर्षी बघेन. तोवर भांडी घासताना ऐकलेल्या कथांचं देणं माझ्याकडे बाकी आहे.