लाइफचा ३ डिसेंबर १९५१ चा अंक, मिळाला तर सोडू नका

अमेरिकन फोटोग्राफर युजीन स्मिथची 'नर्स मिडवाइफ' ही फोटोमालिका मोबाइलवर किती वेळा बघितली असेल, पण ती ज्यात छापून आली तो लाइफ या अमेरिकन साप्ताहिकाचा मूळ अंक शेवटी मागवलाच. पोस्टेज धरून साडेतीन हजार गेले, वसूल झाले. हे साप्ताहिक चांगलं ऐसपैस, मांडीवर पसरून बघायचं, आणि त्या साइजला फोटोतली बाई अक्षरशः समोर उभी राहते.

ही बाई म्हणजे मॉड कॅलन, अमेरिकेत साउथ कॅरोलायनाच्या खेड्यापाड्यातली कृष्णवर्णीय नर्स आणि सुईण. वंशभेदाचा काळ, गरीब वस्त्या, डॉक्टर लांब, त्यामुळे हीच गाडी काढून घरोघरी जायची, बाळंतपणं करायची, पोरांना तपासायची, शिवाय नवीन सुइणींना शिकवायची पण. सुरुवातच एका बाळंतपणाने होते. माझी आत्या उपकेंद्रात एएनएम होती, तिला अंक दाखवला तर ती बराच वेळ त्याच पानांवर थांबली आणि म्हणाली, "हात बघ गं तिचे, जराही घाई नाही."

मला वाटतं स्मिथचं मोठेपण इथेच आहे, तो गरिबी दाखवतो पण कुणाला बिचारं करत नाही. तो स्वतः १९४५ ला ओकिनावाच्या लढाईत फोटो काढताना जबर जखमी झालेला, दुखणं म्हणजे काय हे त्याला कुणी सांगायला नको होतं. डार्करूममध्ये तर तासन् तास घालवायचा, प्रिंट गडद करायचा आणि मग ब्लीच लावून हवा तेवढाच भाग उजळायचा, डोळे, चेहरा. पिवळ्या पडलेल्या कागदावर ते सगळं उतरत नाही, ही अपेक्षा ठेवूनच घ्या.

आणि हे फोटो बघून वाचकांनी वीस हजार डॉलरच्या वर पैसे पाठवले, त्यातून १९५३ ला पाइनव्हिलमध्ये कॅलनबाईंचं क्लिनिक उभं राहिलं!! तोवर त्या स्वतःच्या घरातूनच दवाखाना चालवत होत्या.

घेताना एक करा, सगळी पानं आहेत का ते फोटो मागवून बघा, कारण जाहिरातींची पानं कापून वेगळी विकतात आणि मागच्या बाजूचा मजकूर त्यासोबत जातो. माझ्या विक्रेत्याने पुठ्ठा न घालताच पाठवला, एक कोपरा दुमडून आला, तर तेही आधीच सांगून ठेवा.